कोर्टाची पायरी आणि मनाचा आजार: मोफत वकील हा तुमचा हक्क आहे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पण ज्याच्यावर गावाने आधीच 'वेडा' म्हणून शिक्का मारलाय, त्याच्यावर ती पायरी चढायची वेळ आली, तर त्याचा हात कोणी धरायचा? या ब्लॉगवर मी एरवी आजार आणि औषधं यांबद्दल लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे. पण गेल्या काही वर्षांत माझी खात्री झाली आहे की अनेक रुग्णांच्या बाबतीत योग्य वेळी मिळालेला वकील हा उपचाराचाच भाग असतो.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

चाळिशीतली एक बाई दर महिन्याला एसटीने माझ्याकडे यायची. आजार बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य. लिथियमवर चार वर्षं अगदी स्थिर. नवऱ्याने सोडलेलं, माहेरी राहायची. वडील वारले आणि महिन्याभरातच भावांनी विषय काढला, "ताई, तुझ्या डोक्याचं हे असं. तू हक्कसोडपत्रावर सही कर, आम्ही तुला जन्मभर सांभाळू." ती माझ्यासमोर बसून पिशवीचे बंद चाळवत होती. मग हळूच म्हणाली, "डॉक्टर, मला हा आजार आहे म्हणून बापाच्या जमिनीवर माझा हक्क राहत नाही का?"

मी म्हणालो, "ताई, ते वकिलाला विचारावं लागेल."

"वकिलाला द्यायला पैसे कुठून आणू?"

मी काही बोललो नाही. लिथियमची रक्तातली पातळी तपासायला लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आठ महिन्यांनी तिला तोंडओळखीची एक शेजारीण घेऊन आली. चार रात्री झोप नव्हती. औषधं बंद होती, कारण आणायला पैसे कोणी देत नव्हतं. सही झाली होती, सातबाऱ्यावरचं नावही गेलं होतं, आणि 'जन्मभर सांभाळू' म्हणणाऱ्या घरात तिचं अंथरूण पडवीत आलं होतं. मी तिला दाखल केलं, औषधं वाढवली. पण तिचा आजार औषधाअभावी जितका उलटला होता, तितकाच त्या एका सहीमुळेही उलटला होता, हे मला कळत होतं.

त्या वेळी सिव्हिलमधल्या समाजसेवा अधीक्षक मॅडमना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "सर, बाईमाणसाला वकील फुकट मिळतो. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, तुमच्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर." इतकी वर्षं मी त्या कोर्टासमोरून रोज जात होतो.

कायदा नेमकं काय म्हणतो?

दोन कायदे लक्षात ठेवा.

पहिला म्हणजे विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७. गरिबीमुळे किंवा दुसऱ्या कुठल्या अडचणीमुळे कोणी न्यायापासून वंचित राहू नये, असं राज्यघटनेचं कलम ३९-अ सांगतं. ते प्रत्यक्षात आणायला हा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. याच कायद्याखाली दिल्लीत राष्ट्रीय प्राधिकरण ('नालसा'), मुंबईत महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण, प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे.

दुसरा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २७ म्हणतं, की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला या कायद्याने दिलेले हक्क बजावण्यासाठी मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा अधिकार आहे. त्याच कलमात पुढे एक वाक्य आहे, जे आम्ही डॉक्टर मंडळी सोयीस्कर विसरतो. अशी मदत मिळते हे रुग्णाला सांगणं आणि ती कुठे मिळते त्याचा पत्ता-फोन देणं, हे दंडाधिकारी, पोलीस अधिकारी, तुरुंग किंवा तत्सम संस्थेचे प्रमुख आणि मानसोपचार केंद्राचे प्रभारी डॉक्टर यांचं कर्तव्य आहे.

म्हणजे तुम्ही विचारण्याची वाट न पाहता आम्ही सांगायला हवं. दाखल रुग्णांच्या नातेवाइकांना मी कित्येकदा विचारलंय, "हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?" बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "नाही."

मग मोफत वकील कोणाला मिळतो?

१९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये यादी आहे. आपल्या विषयापुरतं सांगायचं तर:

• कोणतीही स्त्री आणि कोणतंही मूल. यांना उत्पन्नाची अट नाही.
• दिव्यांग व्यक्ती. दिव्यांगत्वाच्या कायदेशीर व्याख्येत मानसिक आजार येतो, त्यामुळे दिव्यांगत्व प्रमाणपत्र (यूडीआयडी) असेल तर काम सोपं होतं. इथेही उत्पन्न पाहिलं जात नाही.
• अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती. यांनाही उत्पन्नाची अट नाही.
• कोठडीत किंवा तुरुंगात असलेली, तसंच मनोरुग्णालयात ठेवलेली व्यक्ती.
• राज्य सरकारने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा ज्याचं वार्षिक उत्पन्न कमी आहे अशी कोणतीही व्यक्ती. यासाठी बहुधा उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरलं जातं.

म्हणजे माझी ती रुग्ण एका नव्हे, तीन कारणांनी पात्र होती. ती स्त्री होती, तिला दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळू शकत होतं, आणि उत्पन्न तर शून्य होतं.

'माझा मुलगा पुरुष आहे, प्रमाणपत्र काढलेलं नाही, मग?' तरीही अर्ज करा. दाखल करणं, सुटी, वागणूक, गोपनीयता अशा उपचाराशी जोडलेल्या हक्कांसाठी २०१७ चा कायदा स्वतःच मोफत मदत देतो. बाकी बाबतीत उत्पन्नाच्या निकषात बसता का, ते प्राधिकरणात बघितलं जाईल.

आणि 'मोफत' म्हणजे खरंच मोफत. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, कागदपत्रांच्या नकला, गरज पडली तर भाषांतर, हे सगळं त्यात येतं. नेमलेल्या वकिलाला मानधन प्राधिकरण देतं. 'वरचे थोडे द्या' असं कोणी म्हणालं, तर सरळ प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करा. सचिव हे स्वतः न्यायाधीश असतात.

जायचं कुठे, करायचं काय?

१. १५१०० हा नालसाचा हेल्पलाइन क्रमांक. घरून निघायच्या आधी इथे फोन करा. तुमच्या जिल्ह्याचं कार्यालय कुठे आहे ते विचारा.

२. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तालुक्याला राहत असाल तर तालुका न्यायालयातली समिती. गेटवरच्या पोलिसाला 'विधी सेवा कुठे?' असं विचारलं तरी तो दाखवेल.

३. साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथले विधी स्वयंसेवक लिहून घेतात. रुग्णाला जाणं जमत नसेल तर घरचं माणूस त्याच्या वतीने जाऊ शकतं.

४. सोबत आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, वादाची कागदपत्रं (सातबारा, नोटीस, समन्स, कामावरून काढल्याचं पत्र, जे असेल ते), उपचाराची फाइल आणि असल्यास यूडीआयडी कार्ड. सगळं नसेल तर आहे तेवढं घेऊन जा. कागद कमी आहेत म्हणून घरी बसू नका. कोर्टाची तारीख आलेली असेल तर मुळीच बसू नका.

५. नेमलेल्या वकिलाचं नाव आणि फोन लिहून घ्या. वकील तारखेला येत नसेल, नीट बोलत नसेल, तर बदलून मागता येतो. अर्ज फेटाळला गेला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे दाद मागता येते.

मनोरुग्ण आणि बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी नालसाने २०१५ मध्ये वेगळी योजना केली होती. २०२४ मध्ये ती नव्याने आणली. तीत 'मनोन्याय' या नावाने खास कक्ष आणि त्यासाठी प्रशिक्षित वकील व स्वयंसेवक यांची तरतूद आहे. कार्यालयात गेलात की 'मनोन्याय'चं नाव घेऊन विचारा. मागणारा असला की योजना हलते.

कोणत्या गोष्टींसाठी जावं?

जमीन आणि घर. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हा विषय सगळ्यात मोठा. आधी मनातली भीती काढा. आजारामुळे वारसाहक्क जात नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २८ स्पष्ट सांगतं, की कोणताही रोग, दोष किंवा व्यंग हे वारसा नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. मुलींना तर २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे.

सहीचं काय? करार कायदा असं पाहतो, की सही करताना त्या व्यक्तीला आपण काय करतोय आणि त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल हे समजत होतं का. आजार असलेला माणूस बरा असताना व्यवहार करू शकतो. आणि उन्मादाच्या भरात, भ्रमात किंवा दडपणाखाली घेतलेली सही न्यायालयात आव्हान देता येते. पण त्याला मुदत असते, पुरावा लागतो. म्हणून सहीआधी विचारलेलं बरं. आणि सही होऊन गेली असेल तर त्याच आठवड्यात विचारा. रुग्णाला स्वतः दावा चालवणं जमत नसेल तर 'वादमित्र' म्हणून दुसरी व्यक्ती त्याच्या वतीने उभी राहू शकते.

घराबाहेर काढण्याबद्दलही २०१७ च्या कायद्यात कलम १९ आहे. घरच्यांनी टाकून दिलेल्या व्यक्तीला कायदेशीर मदतीसह आधार देणं आणि कुटुंबाच्या घरात राहण्याचा तिचा हक्क बजावायला साहाय्य करणं, ही सरकारची जबाबदारी आहे.

इच्छेविरुद्ध दाखल करणं. कधी कधी आजार इतका बळावतो की रुग्णाला दाखल होण्याचं महत्त्व कळत नाही आणि जिवाला धोका असतो. तेव्हा दाखल करावंच लागतं, आणि मीही करतो. पण त्याला नियम आहेत. त्यासाठी रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. पहिल्या वेळी जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत (स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत) कळवावं लागतं. मालमत्तेच्या वादात किंवा नवरा-बायकोच्या भांडणात कोणाला 'आत टाकायचं' म्हणून हे कलम नाही.

हे मंडळ काय असतं? अध्यक्षपदी जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती, सोबत मानसोपचारतज्ज्ञ, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, आणि स्वतः आजार अनुभवलेले, त्यांची काळजी घेणारे किंवा या क्षेत्रातल्या संस्थांचे सदस्य. तिथे अर्ज करायला एक रुपयाही फी नाही. अपवादात्मक परिस्थितीत तोंडी किंवा फोनवरून केलेला अर्जही मंडळ घेऊ शकतं. पहिल्या ३० दिवसांतल्या अशा दाखल्याला आव्हान दिलं तर सात दिवसांत आणि इतर तक्रारींवर ९० दिवसांत निर्णय व्हावा, असं कायदा म्हणतो. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येतं, आणि त्यासाठीही मोफत वकील मिळू शकतो.

लग्न आणि घटस्फोट. 'बायकोला स्किझोफ्रेनिया आहे, आता घटस्फोट मिळेलच' असं गृहीत धरून नोटीस पाठवणारे बरेच असतात. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे एक कारण आहे, पण नुसतं निदान पुरत नाही. आजार अशा स्वरूपाचा आणि इतका तीव्र आहे की जोडीदाराने सोबत राहावं अशी वाजवी अपेक्षा करता येणार नाही, हे सिद्ध करावं लागतं. 'माणूस वेडसर आहे' असा दावा एका बाजूने केला आणि दुसऱ्या बाजूने तो नाकारला, तर कलम १०५ नुसार न्यायालयाने तो मुद्दा पुनर्विलोकन मंडळाकडे तपासायला पाठवायचा असतो. नोटीस आली म्हणून माहेरी जाऊन रडत बसू नका. त्या नोटिशीला मुदतीत उत्तर जायला हवं, आणि ते उत्तर लिहायला तुम्हाला वकील फुकट मिळतो.

नोकरी. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कारणाने काढता किंवा पदावनत करता येत नाही, असं २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा (कलम २०) सांगतो. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात असंही म्हटलं, की मानसिक आजारातून घडलेल्या वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो.

आरोग्य विमा. शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला द्यावा, हे २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. 'मानसिक आजार बसत नाही' एवढंच कारण लिहून दावा नाकारला असेल तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. लोकपालाकडे फी नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

पोलीस. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर गुन्हा दाखल होईल या भीतीने दवाखान्यात न आणणारे लोक मी आजही पाहतो. कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, आणि तिच्यावर खटला नाही तर तिची काळजी हे सरकारचं कर्तव्य आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसाला पोलिसांनी २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं. त्याला कोठडीत डांबायचं नसतं.

'पण डॉक्टर...'

हे सगळं सांगितल्यावर समोरून काही प्रश्न हमखास येतात.

'कोर्टात गेले तर मी वेडी आहे हे सगळ्या गावाला कळेल.' ही भीती खरी आहे. पण मंडळापुढची सुनावणी बंद दाराआड होते. तुमची फाइल मी तुमच्या परवानगीवाचून तुमच्या भावाच्या वकिलाला देऊ शकत नाही. कायद्यात ठरवून दिलेले अपवाद सोडले तर गोपनीयता हा कलम २३ खालचा तुमचा हक्क आहे. आणि मनोविकाराचं निदान झालं म्हणजे माणूस कायद्याच्या दृष्टीने 'वेडा' ठरला, असं होत नाही. तसं फक्त सक्षम न्यायालयच ठरवू शकतं. हे त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. तुमची फाइल तुमच्या विरोधात जाईल असं तुम्हाला वाटतं. पण चार वर्षं नियमित उपचार, स्थिर तब्येत, अशी नोंद असलेली फाइल बहुतेक वेळा तुमच्या बाजूने बोलते. तिची प्रत मागण्याचा हक्कही तुम्हाला आहे.

'फुकटचा वकील काय कामाचा?' काही वकील मन लावून काम करतात, काही नाही. पैसे देऊन केलेल्या वकिलांचंही तसंच असतं. मोफत व्यवस्थेत निदान तक्रार करायला एक दार आहे, वकील बदलून मागायची सोय आहे. ते दार वापरा.

'घरच्यांविरुद्ध कसं जाऊ? उद्या औषध कोण आणून देईल?' हा प्रश्न मला सगळ्यात जड जातो. आपल्याकडे मनोरुग्णाची काळजी घेणारे बहुतेक वेळा घरचेच असतात. रात्र रात्र जागणारे आईबाप, दुकान बंद ठेवून दवाखान्यात बसणारे भाऊ मी रोज पाहतो. त्यांना मी शत्रू म्हणणार नाही. म्हणूनच सांगतो, विधी सेवा प्राधिकरणात जाणं म्हणजे लगेच दावा ठोकणं नव्हे. दावा दाखल करण्याआधी तिथे दोन्ही बाजूंना बोलावून मध्यस्थी करता येते. बऱ्याचदा घरच्यांनाही कायदा माहीत नसतो. तटस्थ माणसाने समोर बसवून सांगितलं की आवाज खाली येतात. मात्र एक पथ्य पाळा. लोकन्यायालयातल्या तडजोडीवर पुढे अपील नसतं. म्हणून झोप उडालेली असताना, आजार उसळलेला असताना तडजोडीवर सही करू नका. 'मला पुढची तारीख द्या' असं म्हणा. त्याची लाज वाटून घेऊ नका.

माझं मत

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

कायद्याची कमतरता आपल्याला फारशी नाही. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडी इथे साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, तेव्हापासून आजवर आपण बराच पल्ला गाठला आहे, निदान कागदावर. पण कागद आणि वॉर्ड यांच्यामधलं अंतर तसंच आहे. बरे होऊनही वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात पडून राहिलेल्या रुग्णांसाठी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. हा कायदा आधीच लागू होता. तो राबवा, एवढं सांगायला न्यायालयात जावं लागलं.

माझं म्हणणं असं, की हे अंतर कमी करण्याची सुरुवात आम्हा डॉक्टरांच्या टेबलापासून व्हायला हवी. रुग्ण पहिल्यांदा आपली अडचण बोलतो ती आमच्यापाशी. नवरा नोटीस पाठवतोय, मालक कामावर घेत नाही, भाऊ सही मागतोय, हे तो आम्हाला सांगतो, कारण दुसरं कोणी ऐकत नाही. आणि आम्ही गोळी लिहून देतो. 'ताण आहे' अशी नोंद करतो आणि ताणाच्या कारणाला हात लावत नाही.

काही सहकारी म्हणतात, 'आपण कायद्यात पडलो तर नातेवाईक आपल्यावरच उलटतील, उद्या आपल्यालाच कोर्टात बोलावतील.' भीती समजते. पण कोणाची बाजू घ्या असं कायदा आम्हाला सांगत नाही. तो फक्त म्हणतो, पत्ता द्या. मधुमेहाच्या रुग्णाला डोळे तपासायला पाठवताना आपण नेत्रतज्ज्ञ होत नाही. तसंच हे आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मानसोपचाराच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर आणि प्रत्येक ओपीडीच्या भिंतीवर तीन ओळी छापलेल्या असाव्यात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता आणि फोन, १५१०० हा क्रमांक, आणि पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार कशी करायची ते. छपाईचा खर्च जवळजवळ नाही. ज्या दवाखान्यात तुम्ही जाता तिथे हे दिसलं नाही तर डॉक्टरांना विचारा. तुम्ही उद्धटपणा करताय असं अजिबात वाटून घेऊ नका. तुम्ही त्यांना त्यांच्या कर्तव्याची आठवण करून देताय.

माझ्या ओपीडीत आता तो कागद लावलेला आहे. टेबलावर छोट्या चिठ्ठ्याही ठेवल्या आहेत, औषधांच्या चिठ्ठीला टाचून देता येतील अशा. पहिल्या महिन्यात वाटलं, कोणी बघत नाही. मग लक्षात आलं, लोक माझ्यासमोर चिठ्ठी उचलत नाहीत. बाहेर कंपाउंडरकडून मागून घेतात.

त्या ताईंचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारालच. आजार आटोक्यात यायला सात-आठ आठवडे लागले. मग समाजसेवा अधीक्षक मॅडमच त्यांना घेऊन प्राधिकरणात गेल्या. वकीलबाई तरुण होत्या, पण चिकाटीच्या निघाल्या. मी उपचाराच्या नोंदी दिल्या, अर्थात ताईंच्या लेखी संमतीने. वाद मध्यस्थीत मिटला. सगळं परत मिळालं नाही. स्वतःची एक खोली आणि वीस गुंठे जमीन त्यांच्या नावावर झाली. भाऊ आजही फारसं बोलत नाहीत, भावजय मात्र बोलते. लिथियमची मात्रा पूर्वीइतकीच आहे आणि झोप लागते.

हे सगळं त्या पहिल्या दिवशी, सहीआधी होऊ शकलं असतं. त्यासाठी मला फक्त एक पत्ता माहीत असायला हवा होता.

तुम्हाला आता तो माहीत आहे. घरात, शेजारी, नात्यात कोणाला मनाचा आजार असेल आणि त्याच्यासमोर कोणी सहीसाठी कागद धरला असेल, नोटीस आली असेल किंवा घराबाहेर काढण्याची भाषा सुरू असेल, तर १५१०० वर फोन करा आणि सोबतीने जिल्हा न्यायालयात जा. मन फार खचलं असेल, बोलायला कोणी हवं असेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. एका फोनवर मनाला आधार मिळतो आणि दुसऱ्यावर हक्काला. दोन्ही क्रमांक औषधांच्या फाइलवर पेनाने लिहून ठेवा.

आणि औषधं मात्र बंद करू नका. तारखेला स्थिर मनाने उभं राहायचं आहे.